दिवाळीला मुलांना मामाच्या द्राक्षबागेत पाठवावं का?

प्रश्न थोडक्यात असा. घणसोलीत राहणाऱ्या एका ताईंचं माहेर निफाड तालुक्यात आहे. घर मळ्यातच, अंगणाला लागून द्राक्षबाग. साडेतीन हजार वस्तीच्या त्या गावात पाच वर्षांत अकरा जणांना कॅन्सर झाला. त्यातला एक सहा वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर. फ्रान्सच्या द्राक्षपट्ट्यात मुलांना ल्युकेमिया जास्त होतो, असं ताईंच्या वाचनात आलं. त्यांची मुलं दर दिवाळीला आणि मे महिन्यात मामाकडे जातात. त्यांना पाठवणं बंद करावं का? आई-वडिलांना कायमचं नवी मुंबईत आणावं का? सगळ्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात का?

ताई, आधी अकराचा हिशेब करू. भीतीची सुरुवात तिथून झाली आहे आणि गोंधळही तिथेच आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली देशात कॅन्सरचे सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण निघाले. म्हणजे दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण १००. हा दर तुमच्या गावाला जसाच्या तसा लावला तर वर्षाला साडेतीन आणि पाच वर्षांत सतरा-अठरा रुग्ण अपेक्षित धरावे लागतील. ग्रामीण महाराष्ट्राचा दर याहून कमी आहे. बार्शीची नोंदणी १९८७ पासून चालू आहे, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी ती. तिथला दर मुंबईच्या साधारण निम्मा दिसत आला आहे. तेव्हा अपेक्षित आकडा नऊच्या आसपास धरा. निव्वळ योगायोगाने आकडा किती खाली-वर होतो, ते त्याच्या वर्गमुळाच्या दुपटीवरून अजमावतात: नऊचं वर्गमूळ तीन, त्याची दुप्पट सहा. याचा अर्थ काहीही विशेष घडलं नसतानाही अशा गावात पाच वर्षांत तीनपासून पंधरापर्यंत कितीही रुग्ण निघू शकतात. अकरा त्या पट्ट्याच्या मधोमध बसतात.

मुलाचा हिशेब वेगळा करावा लागतो. पंधरा वर्षांखालच्या दर लाख मुलांमागे वर्षाला तीन-चार जणांना लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया (मुलांतला नेहमीचा रक्ताचा कॅन्सर) होतो, असं धरू. गावात हजारेक मुलं असतील तर पंचवीस-तीस वर्षांत एखादा रुग्ण. राज्यात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत, त्यामुळे दर वर्षी कुठल्या ना कुठल्या गावात तो एक निघणारच, बाग असो वा नसो. त्या घरावर कोसळलेलं संकट यामुळे हलकं होत नाही. पण एका रुग्णावरून बागेवर आरोपही ठेवता येत नाही आणि बाग निर्दोष आहे असंही म्हणता येत नाही.

तरीही यादी करायची असेल तर नीट करा. प्रत्येकाचं निदानाच्या वेळचं वय, निदानाचं वर्ष, कॅन्सर मूळ कुठल्या अवयवाचा, बायोप्सी झाली होती का, गावात किती वर्षं राहणं, कामधंदा, तंबाखू-मिश्री-दारू. अशा याद्या तीन ठिकाणी फसतात. पहिली फसगत अवयवाची. घरचे ‘लिव्हरचा कॅन्सर’ सांगतात आणि फाइल उघडली की मूळ गाठ आतड्याची किंवा स्तनाची निघते, यकृतात नंतर पसरलेली. दुसरी गफलत माणसाच्या पत्त्याची. तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये नोकरी करून आजारपणात गावी परतलेला माणूस गावच्या यादीत चढतो. गावातून नेरुळला सून होऊन गेलेली मुलगीही चढते, मात्र भागायच्या लोकसंख्येत दोघंही नसतात. तिसरी चूक हद्दीची. शेजारच्या गावातले दोन रुग्ण ‘तेही आपलेच’ म्हणून धरायचे आणि त्याच्या पलीकडचं, एकही रुग्ण नसलेलं गाव सोडून द्यायचं. रुग्ण पाहून मग शीव आखली की कुठलंही गाव कॅन्सरचं गाव ठरतं. पंजाबच्या कापूसपट्ट्याची तशी कीर्ती झाली होती. टाटा स्मारक केंद्राने तिथे रीतसर नोंदणी सुरू केल्यावर चंदीगड आणि मोहालीचे दर संगरूर-मानसाच्या खेड्यांपेक्षा जास्त निघाले. त्यामागे शहरी राहणीमान आहे, खेड्यातली निदानं कमी होणंही आहे. फवारणी निरुपद्रवी असल्याचा तो दाखला नाही. पण नुसत्या डोकी मोजण्याची मर्यादा त्यातून कळते.

संख्येपेक्षा प्रकार जास्त बोलका असतो. द्राक्षउत्पादकांच्या वस्तीतला कॅन्सर फवारणीमुळेच झाला, हे निर्विवाद सिद्ध झालेलं मोठं उदाहरण जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याचं आहे. तिथे १९२०च्या दशकापासून बागांवर आर्सेनिकची औषधं मारली जात होती. १९४२ साली त्यांवर बंदी आली, पण रुग्ण पुढची कित्येक दशकं येत राहिले. डॉक्टरांचं लक्ष गेलं ते रुग्णांच्या तळहात-तळपायांवरच्या कठीण गाठींकडे, त्वचेच्या कॅन्सरकडे, फुप्फुसाच्या कॅन्सरकडे आणि यकृताच्या रक्तवाहिन्यांतून उगवणाऱ्या एका अतिशय दुर्मिळ गाठीकडे. ही गाठ इतकी विरळ की थोड्या गावांत चार-सहा निघाल्या तरी कारण शोधावंच लागतं. औषध अंगावर उडून जेवढं गेलं त्याहून बरंच पोटातून गेलं होतं. द्राक्षं पिळून उरलेल्या चोथ्यात पाणी घालून मजूर आणि घरचे लोक हलकी दारू करून रोज प्यायचे, आणि सालीवरचं आर्सेनिक तिच्यात उतरायचं. फ्रान्समध्ये तर सोडियम आर्सेनाइट २००१ पर्यंत बागेत वापरात होतं. तुमच्या यादीत तोंड, स्तन, गर्भाशयमुख, अन्ननलिका हेच नेहमीचे प्रकार असतील तर त्यांची नेहमीची कारणं आधी तपासायची. तरुण वयातली एकाच दुर्मिळ प्रकारची तीन नावं सापडली, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी कळवा.

आता तुम्ही वाचलेल्या बातमीविषयी. ते संशोधन फ्रान्सच्या इन्सर्म या संस्थेचं, २०२३ साली प्रसिद्ध झालेलं. २००६ ते २०१३ या काळात ल्युकेमिया झालेली ३,७११ मुलं आणि तुलनेला ४०,१९६ निरोगी मुलं घेतली आणि प्रत्येकाच्या घराभोवती एक किलोमीटरच्या वर्तुळात किती जमीन द्राक्षाखाली आहे ते नकाशावर मोजलं. वर्तुळात बाग आहे की नाही, एवढ्याने फरक पडला नाही. बागेचं प्रमाण जसं वाढत गेलं तसा लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा धोका किंचित वाढत गेला. प्रमाणात दर दहा टक्क्यांच्या वाढीमागे धोक्यात काही टक्के, दहाच्या आतच. लाखात साडेतीनचे पावणेचार झाले, अशा मापातली ही वाढ आहे. एका घरासाठी अगदी लहान, पण धोरण ठरवणाऱ्याने दुर्लक्ष करू नये अशी. त्याआधी बोर्दोजवळच्या प्रेन्याक गावात बागेला चिकटून असलेल्या शाळेमुळे असाच प्रश्न उठला होता. २०१५च्या सरकारी अहवालाने औषधांचा हात नाकारला नाही आणि सिद्धही झाला असं म्हटलं नाही. मूठभर रुग्णांवरून याहून जास्त बोलताच येत नाही.

फ्रेंच शेतकरी-शेतमजुरांच्या १ लाख ८० हजारांहून मोठ्या गटाचा पाठपुरावा अॅग्रिकॅन नावाने चालू आहे. त्यात एकूण कॅन्सर इतर जनतेपेक्षा कमी निघतो, मुख्यतः धूम्रपान कमी म्हणून. पण मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर), प्रोस्टेट, ओठाचा कॅन्सर आणि त्वचेचा मेलॅनोमा जास्त दिसतो. औषध हाताळणाऱ्यांच्या बाबतीत फ्रान्सने २०१५ साली लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आणि २०२१ साली प्रोस्टेटचा कॅन्सर व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घेतला. म्हणजे पुरावा जास्त पक्का आहे तो पंप पाठीवर घेणाऱ्याच्या बाबतीत. शेजारी राहणाऱ्याच्या बाबतीत तो त्यामानाने कच्चा आहे.

शेजाऱ्यांच्या अंगात औषध जातं का, याचं उत्तर मात्र आता आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये पेस्टिरिव्ह या फ्रेंच पाहणीचे निष्कर्ष आले. बागेपासून ५०० मीटरच्या आत राहणारे आणि एक किलोमीटरपलीकडे राहणारे, असे मिळून सुमारे २,७०० जण. त्यांची लघवी, केस, घरातली धूळ, हवा हे सगळं तपासलं. फवारणीच्या हंगामात बागेजवळच्यांच्या लघवीत काही औषधांचं प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत जास्त, आणि घरातल्या धुळीत दहा पटींहून जास्त. आजार मोजण्यासाठी ही पाहणी नव्हतीच, तिने फक्त अंगात आणि घरात काय पोचतं ते मोजलं. माझ्या मते तुमच्या कामाची गोष्ट हीच. गावातले कॅन्सर मोजून तुमच्या हाती काही लागणार नाही, आणि लागलं तरी ते वीस वर्षांपूर्वीच्या औषधांचं असेल, कारण बहुतेक गाठींना दहा ते तीस वर्षं लागतात. घरात येणारं औषध मात्र आजच कमी करता येतं.

इथे आपलं निफाड फ्रान्सहून वेगळं पडतं. त्यांच्याकडे ‘जवळ’ म्हणजे ५०० मीटर. मळ्यातल्या वस्तीवर ओट्यापासून पहिली ओळ पंधरा-वीस फुटांवर असते. फ्रान्समध्ये २०२० पासून घर आणि द्राक्षाची फवारणी यांत साधारण दहा मीटर आणि अतिघातक औषधांसाठी वीस मीटर अंतर सक्तीचं आहे. ते इथे लावलं तर कित्येकांचं अंगणच बागेबाहेर काढावं लागेल. दारूच्या द्राक्षाचा वाटा आपल्याकडे नगण्य, बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षाच्या. म्हणून औषधांखेरीज मणी वाढवणाऱ्या संजीवकांचे हात, म्हणजे फवारण्याही, वर पडतात. औषधंही तीच नाहीत. मॅन्कोझेब हे बुरशीनाशक युरोपने २०२० साली बाद ठरवलं, आपल्याकडे डाऊनी या बुरशीच्या रोगावर ते सर्रास चालतं. ते मोडून बनणाऱ्या पदार्थाने उंदरांत थायरॉइडच्या गाठी होतात, माणसांतला पुरावा तोकडा आहे. बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, ‘नैसर्गिक’ म्हणून लोक उघड्या तोंडाने मारतात. त्याच मिश्रणाने पोर्तुगालच्या फवारणी करणाऱ्यांची फुप्फुसं खराब झाल्याचं १९६९ सालीच नोंदलं गेलं आहे.

आता मुलांच्या सुट्ट्या. तुमच्या भागात गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये होते. छाटल्यावर डोळे फुटण्यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात (पेस्टिंग), मग पोंगा म्हणजे कोवळी फूट, मग फुलोरा. डाऊनीचा खरा धोका छाटणीनंतर पंधराव्या दिवसापासून पन्नासाव्या दिवसापर्यंत, आणि त्यात ढगाळ हवा किंवा अवकाळी आला की सकाळ-संध्याकाळ ब्लोअर, म्हणजे पंख्याचं फवारणी यंत्र, फिरतो. कॅलेंडर उघडून बघा, दिवाळी नेमकी या पट्ट्यात येते. वर्षातले सर्वांत जास्त फवारणीचे दिवस तेच आणि मुलं अंगणात मातीचा किल्ला करतात तेही तेच. मे महिना त्या मानाने मोकळा असतो. खरड छाटणी होऊन गेलेली, हवा कोरडी, डाऊनी नाही, फवारण्या थोड्या. नाताळात हात कमी झालेले असले तरी संपलेले नसतात. म्हणून सल्ला असा: मे महिन्यात बिनघोर पाठवा. दिवाळीत आठ-दहा दिवसांऐवजी भाऊबीजेचे दोन-तीन दिवस जा, किंवा भावालाच घणसोलीला बोलवा, बागेतून एवढ्या दिवसांत त्याला निघता आलं तर. मुलं तीन-चार वर्षांची असतील तर हे जास्त काटेकोर पाळा. ती जमिनीलगत खेळतात, हात तोंडात घालतात, आणि वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात धूळ जास्त जाते.

जे दिवस तिथे असाल त्या दिवसांत एवढं करा. ब्लोअर कधी फिरणार ते आदल्या रात्री विचारून ठेवा. फवारणी सुरू व्हायच्या आधी त्या बाजूच्या खिडक्या बंद, वाळत घातलेले कपडे आत, पाण्याच्या टाकीवर आणि ड्रमवर झाकण. फवारलेल्या ओळींत मुलांनी किमान एक-दोन दिवस जायचं नाही. पानं सुकली म्हणजे झालं, असं नाही. चपला ओट्याच्या खाली. घर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसायचं, कारण बाहेर पडलेलं औषध ऊन, पाऊस आणि मातीतले जिवाणू मोडतात, पण गादीखालच्या, पलंगाखालच्या धुळीत ते महिनोन्महिने टिकतं. झाडूने तीच धूळ उडून पुन्हा नाकात जाते.

भावाकडून करून घ्यायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या आहेत. घरालगतच्या शेवटच्या दोन ओळी फवारताना ब्लोअरची घराकडची बाजू बंद ठेवायची आणि तोंड आत, बागेकडे. पहाटे धूर सरळ वर न जाता आडवा पसरून तरंगताना दिसतो, त्या वेळी फवारणी नको. वरची हवा उबदार आणि खालची गार असते तेव्हा बारीक थेंब खाली बसत नाहीत, वाहत जाऊन घरात शिरतात. मंद वारा घराकडून बागेकडे असेल ती वेळ उत्तम. झिजलेल्या नोझलमधून औषध जास्त जातं आणि थेंबही बिघडतात, तेव्हा दर हंगामाआधी प्रत्येक नोझलखाली मिनिटभर मापट धरून बघायचं. नव्यापेक्षा दहा टक्के जास्त पाणी येत असेल तर बदलायचं.

सगळ्यात मोठा डोस बागेत मिळत नाही, औषध कालवताना मिळतो. न पातळ केलेलं औषध मापात ओतताना बोटांवर सांडलेले चार थेंब दिवसभराच्या तुषारांहून भारी पडतात. औषध मुख्यतः त्वचेतून शिरतं, नाकातून कमी. कापडी हातमोजे घातले तर ते औषध शोषून त्वचेला चिकटवून ठेवतात, न घातलेले बरे. नायट्राइल रबराचे, मनगटाच्या वरपर्यंतचे घ्या. तोंडाला बांधलेला रुमालही तसाच, घामाने भिजतो आणि औषध धरतो. बाफासाठीचं कार्ट्रिज आणि कण अडवणारा फिल्टर असलेला अर्धा मास्क हवा, आणि वास आत येऊ लागला की कार्ट्रिज बदलायचं. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत, घरच्या कपड्यांत कधीच नाही. बहुतेक घरी ते आईच धुते, आणि तिचं नाव फवारणी करणाऱ्यांत कुणी धरत नाही. औषधांची खोली जिन्याखाली किंवा धान्याशेजारी असेल तर ती आधी हलवा. रिकामे डबे तीनदा खळाळून भोक पाडून टाकायचे.

पेस्टिंगला पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर हातात स्पंज घेऊन काड्यांना औषध लावतात. जोखमीची उतरंड लावायची तर पहिले ते, मग तुमचा भाऊ, मग आई, आणि चार दिवसांची पाहुणी मुलं सगळ्यांत शेवटी. पेस्टिंगच्या त्या औषधाने, हायड्रोजन सायनामाइडने, माणसांत कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही, युरोपने मात्र ते संशयितांत धरलं आहे. शिवाय ते लावल्यावर पुढच्या काही दिवसांत दारू प्यायली तर चेहरा लाल होऊन छाती धडधडते, रक्तदाब ढासळतो. मजुरांना हे कुणी सांगत नाही, निदान भावाने सांगावं.

रक्ताच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका. ट्यूमर मार्करचं, म्हणजे रक्तातून कॅन्सरच्या खुणा शोधण्याचं, पॅकेज निरोग्याच्या बाबतीत खोटा घोर लावतं किंवा खोटा धीर देतं. कोलिनएस्टरेज ही तपासणी काही कीटकनाशकांची अलीकडची बाधा दाखवते, बुरशीनाशकांविषयी आणि कॅन्सरविषयी काहीच सांगत नाही. लघवीतली औषधं थोड्या दिवसांत निघून जातात, आणि अहवाल आला तरी त्यावरून उपाय बदलत नाही. मुलांची नियमित तपासणीही नको. पंधरा दिवसांहून लांबलेला ताप, अंगावर आपोआप उठणारे काळे-निळे डाग, वाढता फिकटपणा, रात्री उठवणारी हाडदुखी, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी रक्तपेशींची साधी मोजणी (सीबीसी) आणि स्मिअर, म्हणजे त्याच पेशींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, करून घ्या. घणसोलीत असलात तरी हेच.

आई-वडिलांना उचलून आणण्याने काय साधेल? साठीनंतर माणूस ठाणे-बेलापूर पट्ट्यात आला तर तो फवारणीपासून सुटतो आणि रहदारीच्या धुरात येतो. बाहेरची प्रदूषित हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१३ सालीच पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सरच्या सिद्ध कारणांत, घातली आहे, आर्सेनिकच्या रांगेत. दारू आणि तंबाखूही त्याच रांगेत. म्हणून वडिलांनी स्वतः कालवणं-फवारणं थांबवलं तर जागा न बदलताही बराच फरक पडेल. आई दात घासायला मिश्री वापरत असेल, आणि त्या पिढीत बऱ्याच जणी वापरतात, तर बागेच्या सगळ्या औषधांपेक्षा तिच्या तोंडाला धोका मिश्रीचा जास्त आहे. तीस ते पासष्ट वयात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात दर पाच वर्षांनी होते. ती गावच्या आरोग्य केंद्रात करून घ्या. गालाच्या आत पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल तर वाट पाहू नका.

एक राहिलं. निघताना आई पिशवीत मेथी, कोथिंबीर, एखादा लाल भोपळा भरून देते. ही भाजी बहुधा बागेच्या बांधावर, ब्लोअरच्या थेट माऱ्यात वाढलेली असते. द्राक्षाला फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं ते ठरलेलं असतं, निर्यातीच्या मालाचे अंश प्रयोगशाळेत तपासले जातात. बांधावरच्या मेथीला असा कुठलाच हिशेब नसतो. काल फवारणी, आज खुडली, संध्याकाळी घणसोलीत फोडणीला. वाशी मार्केटमधून आणलेल्या द्राक्षांची तुम्हाला जेवढी धास्ती आहे, त्याहून जास्त या जुडीची धरा. द्राक्षांचे छोटे घोस करून वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा धुतले की वरवरचं बरंच जातं, पानांच्या घड्यांतून तेवढं जात नाही. आईला परसातली भाजी घराच्या पलीकडच्या, बागेच्या उलट्या अंगाला हलवायला सांगा. मध्ये शेवरीची किंवा गजराज गवताची दाट ओळ असली तर आणखी बरं.